नाणं घासू नका, आधी चिठ्ठी लिहा!



आजचा लेख दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन नाण्याविषयी आहे. तुम्ही म्हणाल, "सर, कुठं रोम आणि कुठं आपलं सिद्धेश्वर!" बरोबर आहे. औंढा नागनाथ तालुक्यातलं आपलं सिद्धेश्वर लोकांना माहीत आहे ते पूर्णा नदीवरच्या धरणामुळे. पण नाणी गोळा करणं आणि त्यांचे प्रकार पाडणं म्हणजे नेमकं काय, हे मला याच परिसरात, माझ्याच एका चुकीतून कळलं. म्हणून आधी ती चूक सांगतो. मग रोमला जाऊ.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी वर्गात 'घरातली जुनी वस्तू आणा' असा उपक्रम ठेवला होता. मुलांनी अडकित्ते आणले, कंदील आणले, पायली-मापटं आणलं. नाणीही आली. भोकाचा पैसा आला. चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा हाली सिक्का आला. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हाली सिक्के आपल्याकडच्या जुन्या पेट्यांमधून अजूनही निघतात.

एक मुलगी मात्र आजीलाच घेऊन आली. आजींनी पदराची गाठ सोडली आणि एक मळकट, करडा-हिरवट तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "गुरुजी, माळवदाला पांढरी माती आणाया गेले व्हते, तवा घावलं. बगा बरं काय हाय ते."

माझा आनंद गगनात मावेना. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून चिंच मागवली, चुलीतली राख घेतली आणि सगळ्या वर्गासमोर तो तुकडा घासायला बसलो. पाच मिनिटांत तांबूस चकाकी आली. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती दिसू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश.

हत्तीच्या भोवती घासण्यापूर्वी काही बारीक रेषा होत्या. ती अक्षरं होती. घासल्यावर ती राहिली नाहीत. शिवाय आजींना मी एक साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही, की आजी, पांढरी कुठली? आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात आणि माळवदी घरांसाठी लोक पिढ्यान् पिढ्या तिथली माती आणत आले आहेत. आसपास अशी टेकाडं एकच का आहेत? नाणं मी इतर नाण्यांबरोबर एका डब्यात टाकून दिलं. आजी आता नाहीत. त्या मुलीलाही आठवत नाही.

थोडक्यात काय, तर नाणं माझ्याकडे राहिलं आणि त्याच्यात जे सांगण्यासारखं होतं ते सगळं मी धुऊन टाकलं.

त्या अक्षरांत काय असू शकलं असतं?

हे मला पुढे कळलं आणि तेव्हापासून ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. तिथे १९३९ साली जमिनीतून नाण्यांचा मोठा साठा निघाला. सुमारे दीड हजार नाणी होती. सगळी पोटीनची, म्हणजे तांबं, शिसं, कथील अशा मिश्रधातूची. दिसायला अगदी किरकोळ. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारी फुली. या फुलीला 'उज्जैन चिन्ह' म्हणतात. ही सातवाहन राजांची नाणी होती.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती तपासली. हत्तीच्या भोवती जी अर्धवट अक्षरं उरली होती, ती एकेका नाण्यावरून जुळवत वाचली. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची नावं तर मिळालीच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशीही नावं मिळाली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांमध्ये ही नावं नाहीत. म्हणजे हे राजे होऊन गेले, हे आपल्याला कळलं ते या मळकट नाण्यांवरच्या दोन-चार अक्षरांमुळे.

आता माझ्या डब्यातल्या हत्तीकडे बघा. तो कोणाचा आहे? गौतमीपुत्राचा? कुंभाचा? की आणखी कोणाचा, ज्याचं नाव आजवर कुणी वाचलेलंच नाही? चिंचेच्या कोळाला विचारा.

आता रोमला जाऊ

प्रकार कसे पाडतात हे समजून घ्यायला मी मुद्दाम एक रोमन नाणं निवडलंय. कारण या नाण्याच्या हजारो प्रती पहिल्या नजरेत अगदी सारख्या दिसतात.

रोमच्या चांदीच्या नाण्याला 'दिनारियस' म्हणत. संस्कृतमधला 'दीनार' हा शब्द त्यावरूनच आलेला आहे. सम्राट तिबेरियस याने इसवी सन १४ ते ३७ या काळात राज्य केलं. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध दिनारियसच्या दर्शनी बाजूला त्याचं डोकं आहे, डोक्यावर पानांचा मुकुट. मागच्या बाजूला आसनावर बसलेली एक स्त्री. तिच्या एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. बाजूला 'पॉन्टिफ मॅक्झिम' असा लेख आहे. याचा अर्थ 'मुख्य पुरोहित'. ही स्त्री म्हणजे तिबेरियसची आई लिव्हिया, असं अनेक अभ्यासक मानतात. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. २०११ साली आलेला आपला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे. म्हणजे वजन जवळपास तेवढंच, फक्त ते नाणं आकाराने थोडं लहान आणि जाड.

हे नाणं बहुतेक करून आजच्या फ्रान्समधल्या ल्योन शहराच्या टांकसाळीत तयार झालं. वर्षानुवर्षं तेच चित्र, तोच लेख. आणि गंमत म्हणजे त्यावर सालाची काही खूणच नाही! तिबेरियसच्या सुरुवातीच्या काळात चार घोड्यांच्या रथाचं चित्र असलेला एक दिनारियस निघाला होता. त्याच्या लेखात त्याच्या अधिकारपदाचं कितवं वर्ष ते दिलेलं आहे, म्हणून त्याचं साल काढता येतं. तो प्रकार बराच कमी सापडतो. पण बसलेल्या स्त्रीच्या नाण्यावर असला काही आकडा नाही. मग आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे ठरवायचं कसं?

तर बारकाव्यांवरून. अभ्यासकांनी हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवून पुढील गोष्टी पाहिल्या:

१. आसनाचे पाय साधे आहेत की नक्षीदार?
२. आसनाखाली जमीन दाखवणारी रेघ एक आहे, दोन आहेत की नाहीच?
३. स्त्रीचे पाय जमिनीवर आहेत की छोट्या चौरंगावर?
४. तिच्या हातात राजदंड आहे की टोक खाली केलेला भाला?
५. सम्राटाच्या मुकुटाच्या फिती मानेवर कशा पडल्या आहेत? त्याचा चेहरा तरुण आहे की थोराड?

या पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून गट पडले आणि गटांचा क्रम लावता आला. रोमन नाण्यांची 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' नावाची मोठी सूची आहे. तिचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १९८४ मध्ये आली. जगभरचे संग्राहक या सूचीतला क्रमांक सांगून आपलं नाणं ओळखतात. एका खुर्चीच्या पायावरून क्रमांक बदलतो, मित्रांनो!

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण विचार करा, ठसा कोरणारा कारागीर बदलला की खुर्ची बदलते. ठसा झिजला, नवा केला, की रेघेचा फरक पडतो. म्हणजे ज्या माणसाचं नाव कुणी कधी लिहून ठेवलं नाही, त्या कारागिराच्या हाताचा माग आपण खुर्चीच्या पायावरून काढत असतो. आणि तिथूनच टांकसाळीचं काम कसं चालत होतं ते उलगडतं.

मराठवाड्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध जवळचा आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या व्यापाऱ्याने सागरी प्रवासाची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' म्हणतात. त्यात भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं सांगितलं आहे. या गावांतून गाड्या भरभरून माल भडोचला जायचा. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड, तेरहून कापड. आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी बदलून घेण्यात फायदा असे, असंही तो लिहितो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या, तशीच एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली आहे.

रोमन लेखक प्लिनी तर तक्रारच करतो, की भारत दरवर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्स म्हणजे एक दिनारियस. गणित तुम्हीच करा. सव्वा कोटी दिनारियस! त्याचा आकडा किती अचूक होता हा वेगळा मुद्दा, पण नाणी येत होती हे नक्की. दक्षिण भारतात अशा नाण्यांचे मोठे साठे मिळाले. तेलंगणातल्या अक्कनपल्लीला सुमारे दीड हजार दिनारियस निघाले, त्यात आपल्या ओळखीचा तिबेरियस भरपूर. महाराष्ट्रात मात्र रोमन चांदी फार कमी सापडते. ती इथे वितळवून तिची दुसरी नाणी पाडली गेली असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

याच प्लिनीने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. एक रोमन माणूस वादळात भरकटत श्रीलंकेला पोहोचला. तिथल्या राजाने त्याच्याजवळचे दिनारियस पाहिले. त्यांवर वेगवेगळ्या सम्राटांचे चेहरे होते, पण वजन सगळ्यांचं सारखं! राजा त्या प्रामाणिकपणावर खूश झाला. बघा, त्या राजाने काय केलं? नाणी शेजारी शेजारी ठेवली, फरक पाहिला, सारखेपणा पाहिला आणि वजन केलं. नाणेशास्त्राचा पहिला पाठ हाच आहे.

पुढे इसवी सन ६४ मध्ये नीरोने एका रोमन पौंडात ८४ ऐवजी ९६ दिनारियस पाडायला सुरुवात केली आणि चांदीतही भेसळ वाढवली. आपल्याकडच्या साठ्यांत नीरोच्या आधीचीच चांदीची नाणी जास्त का मिळतात, याचं एक कारण यात आहे. आपले व्यापारी काही भोळे नव्हते!

दुर्मीळ म्हणजे महाग नव्हे

आता माझं मत स्पष्ट सांगतो. आज मुलांना 'दुर्मीळ नाणं' म्हटलं की फक्त किंमत आठवते. मोबाइलवर रोज व्हिडिओ येतात. 'तुमच्याकडे ही पाचची नोट आहे का? लाखो रुपये मिळवा!' आमच्या वर्गातला एक मुलगा आजोबांच्या पेटीतली नाणी घेऊन, शाळा बुडवून, विकायला निघाला होता. समोरचा म्हणे आधी नोंदणीचे पैसे पाठवा. मित्रांनो, २०२१ साली रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही आणि बँकेच्या नावाने कुणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर ती फसवणूक आहे. घरी आई-वडिलांना हे जरूर सांगा.

खरं सांगायचं तर कोणता प्रकार दुर्मीळ आहे, हे कळायलाच आधी साधी नाणी मोजावी लागतात. नक्षीदार पायांची शंभर नाणी पाहिल्यावर साध्या पायांचं एक वेगळं लक्षात येतं. जो माणूस फक्त चांगली चांगली, उठावदार नाणी उचलतो आणि बाकीची टाकून देतो, त्याला दुर्मीळ काय ते कधीच कळणार नाही.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी किती? तेरा हजारांहून अधिक! रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. म्हणजे शत्रूचं नाणं वितळवलंही नाही, त्याच्या तोंडावर आपलं चिन्ह ठोकून तेच पुन्हा चालवलं. गौतमीपुत्राने नहपानाचं राज्य जिंकलं, याचा हा हातात धरता येणारा पुरावा.

हा साठा फुटला असता, सोनाराच्या मुशीत गेला असता, किंवा कुणी त्यातली दहा-वीस सुबक नाणी ठेवली असती, तर 'नऊ हजार' हा आकडा आपल्याला मिळाला असता का? दोन-चार नाण्यांवर दुहेरी ठसा दिसला असता तर लोकांनी तो टांकसाळीतला घोटाळा मानला असता. आकड्यामुळे ती राजाची आज्ञा होती हे कळतं. स्कॉट यांना आणखी एक गोष्ट दिसली. नाव एकट्या नहपानाचं, पण चेहरे वेगवेगळे! कुणाचं नाक बाकदार, कुणाचं सरळ. कुणी तरुण, कुणी म्हातारा. हे सगळे एकाच माणसाचे चेहरे कसे, हा प्रश्न तिथून सुरू झाला. तेरा हजार नाणी एकत्र राहिली म्हणून तो प्रश्न विचारता आला.

'नकली' म्हणून फेकू नका

नहपानाच्या नाण्यावर चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, पण बऱ्याच नाण्यांवर ती वेडीवाकडी झालेली आहेत, कारण ठसा कोरणाऱ्याला ग्रीक लिपी येत नसावी. रोमन नाण्यांचंही तसंच. भारतात त्यांच्या नकला झाल्या. त्यांवर लॅटिन अक्षरांची नुसती गिचमीड असते. तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला तर रोमन नाण्याची छाप घेतलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. काहींना वर दोरा ओवायला सोय आहे. गळ्यात घालायच्या असाव्यात.

एखादा संग्राहक म्हणेल, "हे खोटं आहे, याची किंमत शून्य." मी म्हणतो, आपल्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा प्रकार आहे. अस्सल दिनारियस ल्योनची गोष्ट सांगतो. मातीची चकती तेरची गोष्ट सांगते. जिला खरं सोनं-चांदी परवडत नव्हतं, अशी इथली एखादी बाई परदेशी राजाचा चेहरा हौसेने गळ्यात मिरवत असेल, ही केवढी जिवंत गोष्ट आहे! आज आपल्या जत्रेत पुतळ्यांच्या माळा मिळतात, त्या सोन्याच्या असतात का? अर्थात आजकाल विकण्यासाठी बनवलेली बनावट नाणी वेगळी. त्या काळातली नक्कल आणि आताची फसवणूक यांत गल्लत करू नका.

"पण गुरुजी, गरिबानं काय करायचं?"

हा प्रश्न मला एका पालकाने विचारला होता आणि तो टाळण्यासारखा नाही. शेतात नाणी सापडली तर माणूस घाबरतो. सरकार घेऊन जाईल, पोलीस येतील, शेत अडकेल. मग तो गुपचूप सोनाराकडे जातो. काही जण तर 'गुप्तधन' म्हणून मांत्रिकाच्या नादी लागतात आणि नको ते करून बसतात. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे, हेही लक्षात ठेवा.

जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दलचा कायदा मात्र फार जुना, १८७८ सालचा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा होऊ शकते. ठेवा शंभर वर्षांपूर्वीचा असेल आणि सरकारने तो ठेवून घेतला, तर त्या धातूची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश एवढे पैसे मिळतात.

इथे मला सरकारलाही एक गोष्ट सांगायची आहे. चांदी-सोन्याचं ठीक आहे. पण पोटीनच्या नाण्याची धातू म्हणून किंमत ती किती? मूठभर नाण्यांचे शंभर रुपयेही येणार नाहीत. तऱ्हाळ्यासारख्या साठ्याने इतिहासात नवे राजे आणून दिले आणि शोधणाऱ्याला भंगाराच्या भावाने पैसे, हा कसला हिशेब? प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला इतिहासाच्या मोलाने बक्षीस मिळालं पाहिजे आणि वस्तूच्या शेजारी त्याच्या गावाचं, त्याचं नाव लागलं पाहिजे. तसं झालं तर सोनाराकडची वाट आपोआप कमी होईल. कायदा बदलेपर्यंत आपण कायदा पाळायचाच, पण तो बदलावा असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

वर्गात करून बघा

सर, हे परीक्षेत येणार का? नाही येणार. पण निरीक्षण, मोजमाप, वर्गीकरण आणि नोंद या चार गोष्टी विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यापासून असतात. त्या शिकायला रोमन नाणं लागत नाही. दुकानदार काकांकडून शंभर रुपयांची सुटी नाणी आणा आणि असं करा:

१. प्रथम किमतीनुसार ढीग करा. मग प्रत्येक ढिगातली नाणी सालानुसार लावा.

२. आता सालाच्या खाली बारीक खूण बघा. चौकटच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं.

३. तक्ता काढा. आपल्या गावात कोणत्या टांकसाळीची नाणी जास्त फिरतात? तुमचा अंदाज काय होता आणि उत्तर काय आलं?

४. एकाच सालाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन नाण्यांत काही फरक दिसतो का? भिंगातून बघा. अक्षरांची जाडी, आकड्यांचा आकार, कडेवरच्या रेघा.

५. प्रयोगशाळेतल्या तराजूवर वजन करा. नवं नाणं आणि झिजलेलं नाणं यांत किती फरक पडतो?

सर्वांत कमी नाणी ज्या खान्यात येतील, तो तुमच्या शंभर रुपयांतला दुर्मीळ प्रकार. तो तुम्ही स्वतः मोजून शोधलेला असेल, कुणी व्हिडिओत सांगितलेला नसेल.

आणि कधी खरंच जुनं नाणं हाती आलं तर? घासू नका, चिंच नको, लिंबू नको, विटेची भुकटी नको. कागदाच्या कोऱ्या पाकिटात ठेवा आणि लगेच चिठ्ठी लिहा. कुठे सापडलं (गाव, शेत, टेकाड), किती खोल, कोणत्या तारखेला, कुणाला, सोबत आणखी काय होतं (खापरं, मणी, विटा), वजन किती, दोन्ही बाजूंना काय दिसतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग घरच्यांना बरोबर घेऊन कळवा. नाण्यावरचं काही वाचता आलं नाही तरी चालेल. वाचणारे लोक आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाण्यांच्याच अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. एकदा सहल न्या. तेरचं लामतुरे संग्रहालय तर आपल्या मराठवाड्यातलंच.

शेवटी, माझ्या डब्यातल्या त्या हत्तीचं काय केलं ते सांगतो. हा लेख लिहायला बसलो तेव्हा लाज वाटली, की मुलांना सांगतो आणि स्वतः पाळत नाही. म्हणून त्याला वेगळ्या पाकिटात ठेवलं. वजन केलं. चिठ्ठी लिहिली. 'सापडल्याचं ठिकाण' या रकान्यात लिहिलं: 'सिद्धेश्वर परिसर, एक पांढरी, नक्की कोणती ते विचारायचं राहिलं.' 'अक्षरे' या रकान्यात लिहिलं: 'होती. मी घासली.' आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला तसं लेखी कळवलं.

तुमच्या चिठ्ठीत असे रकाने राहू देऊ नका. आज घरी गेलात की आजी-आजोबांना एवढंच विचारा, "आपल्या पांढरीत कधी काही सापडलं होतं का?" आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. नाणं हाती येवो न येवो.